एकशे बारा तलाठिणी

पप्पू कोळेकर आमच्या वस्तीवरचा पोरगा. सांगलीतल्या एका कॉलेजात लॅबच्या दारावर ‘डॉ. लालासाहेब धुळा कोळेकर’ अशी पाटी आहे, ती त्याचीच. पण पाटी सांगलीत. इथे आटपाडीच्या पलीकडे, आमच्या माळावर, वारासुद्धा त्याला पप्पूच म्हणतो.

हुद्दा विचाराल तर पोस्टडॉक. हा शब्द मी त्याच्याकडून तीनदा समजून घेतला, तेव्हा कुठे डोक्यात बसला. पीएच.डी. झाली की माणूस डॉक्टर होतो, पण प्रोफेसर व्हायला जागा निघावी लागते. तोवर एक ओसरी असते. घरात घेतलेलं नसतं, हाकललेलंही नसतं. त्या ओसरीवर बसून शोध लावायचे आणि दर मार्चला आत बघायचं, कुणी ऊठ म्हणतंय का. पप्पूला याआधी दोन ओसऱ्यांवरून उठवलं होतं. वय चौतीस. ही तिसरी.

ही ओसरी अर्धी कॉलेजची आणि अर्धी शिरवळच्या एका कंपनीची. खोली कॉलेजची, मोठाले कॉम्प्युटर कंपनीचे. काम मशीन लर्निंगचं, म्हणजे यंत्राला हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकाचं नाव सांगायचं, आणि ते स्वतःहून ओळखायला लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. कंपनीला हवं होतं मेंढीचं तोंड ओळखणारं यंत्र. विम्यासाठी मेंढीच्या कानात बिल्ला मारतात. तो बाभळीत अडकून तुटतो, आणि मग मेलेली मेंढी नेमकी कोणती हे देवालाही सिद्ध करता येत नाही. फोन तोंडासमोर धरला की नाव यावं, एवढीच कंपनीची मागणी.

मेंढरं अर्थातच बापाची घेतली. धुळा कोळेकर म्हणजे एकशे बारा मेंढरांचा धनी. पप्पूने मेंढरांना आकडे द्यायचं काढलं तेव्हा तो भडकला.

“आकडे? माजी मेंढरं काय तुरुंगात हाईत?”

म्हणून कॉम्प्युटरात नावं गेली. सगळ्यांच्या पुढे पळते ती सरपंचीण. दुसऱ्याच्या बांधावरच तोंड घालते ती भावकी. आणि एकदा बसली की कुणाच्या बापाला उठत नाही ती तलाठीण. पप्पूच्या हाताखाली पीएच.डी. करणारी ब्राह्मी पाटील ही यादी टाईप करताना इतकी हसली, की शेजारच्या लॅबवाल्यांना वाटलं यांचा पेपर छापून आला.

दिवाळीनंतर आमची मेंढरं पश्चिमेला उतरतात आणि लेंडीखतासाठी लोकांच्या रानात बसतात. पौषात धुळाचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाडाचा मुक्काम, कोरेगावजवळ होता. पप्पूने आणि ब्राह्मीने वीस दिवस तिथे फोटो काढले. पुढे दोन महिने यंत्र शिकत राहिलं आणि पप्पू त्याच्यापाशी बसून राहिला, व्यायला आलेली मेंढी राखावी तसा. शेवटी शंभरात सत्त्याण्णव ओळखी बरोबर आल्या.

लॅबच्या प्रमुख क्रांतीमॅडम. बाई हुशार, आणि हुशार माणसासारख्याच संशयी. त्यांनी विचारलं, “लालासाहेब, सगळे फोटो एकाच महिन्यातले. पुढे मेंढ्या वेगळ्या दिसणार नाहीत ना?”

“मॅडम,” पप्पू म्हणाला, “मी धनगर आहे.”



करार एकतीस मार्चला संपत होता. कंपनीचे जयराजसाहेब स्वतः वाड्यावर येऊन बघणार, यंत्र चाललं तर आणखी दोन वर्षं, नाही तर ओसरी रिकामी करायची, असं ठरलं. पप्पूने बापाला फोन लावला.

“आबा, गुरुवारी साहेब येणार हाईत. मेंढरं नीट ठेवा.”

“नीट मंजी?”

“मंजी नीट!” म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला दुसरी मीटिंग होती.

त्या गुरुवारी मी मुद्दाम एसटीने कोरेगावला गेलो होतो. ऊस तुटून गेलेलं रान, वर स्वच्छ ऊन. जयराजसाहेब, क्रांतीमॅडम, ब्राह्मी आणि पप्पू अशा चौघांना घेऊन कंपनीची गाडी थांबली. पप्पू उतरला, दोन पावलं चालला आणि तिथेच खिळला. समोर एकशे बारा मेंढरं, नुकतंच जावळ काढलेल्या पोरांसारखी. अंगावर लोकरीची काडी नाही. कपाळाला पिवळाधमक भंडारा.

“आबा! हे काय केलंसा?”

“काय केलं?” धुळा नवा पटका सारखा करत म्हणाला. “पाव्हणं येणार म्हटल्यावर घर सारवत न्हाई व्हय आपण? कातरणारं चार गडी बोलावलं. नदीला धुतली. भंडारा लावला. तूच म्हनलास न्हवं, नीट ठेवा?”

जयराजसाहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी हौसेने फोन काढला आणि सगळ्यात पुढे उभ्या सरपंचिणीच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर आलं: तलाठीण, नव्व्याण्णव टक्के.

साहेबांनी दुसरी धरली. तलाठीण. तिसरी, तलाठीण. चौथा तर चांगला वळणदार शिंगांचा नर होता. यंत्राने त्यालाही तलाठीण करून टाकलं. मग मात्र धुळाला राहवेना.

“सायेब, एरवी आख्ख्या तालुक्यात एक तलाठी गावत न्हाई. आन् हितं एकशे बारा!”

क्रांतीमॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

ब्राह्मीने मात्र कपाळावर हात मारला. पौषात तलाठिणीला खरूज झाली होती, औषध लावायला तिला एकटीला कातरलं होतं. म्हणजे यंत्राने मेंढरांची तोंडं पाहिलीच नव्हती. त्याने पाहिली ती गळ्याभोवतीची लोकर. आणि त्याच्या शहाणपणात एक गोष्ट पक्की बसली होती, की कातरलेली ती तलाठीण.

ती पप्पूच्या कानाशी लागली. “सर, लॅबमधल्या चाचणीचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, सगळी नावं बरोबर आलेला. इथे रेंज नाही म्हणू आणि तो दाखवू.”

पप्पूने तिच्याकडे पाहिलं. मग रानाकडे, मग बापाच्या नव्या पटक्याकडे. व्हिडिओ दाखवला असता तर दोन वर्षं मिळालीही असती, कारण साहेबांना मेंढरांतलं ओ का ठो कळत नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “यंत्राची चूक नाही, माझी आहे. आमचे सत्त्याण्णव टक्के हे फक्त पौष महिन्याचे आहेत. मेंढरू वर्षभर एका रूपात राहत नाही, हे मी धरलंच नाही.”

जयराजसाहेब भुवया वर करून म्हणाले, “तुम्ही धनगराचे. आणि मेंढरं कातरतात हे तुमच्या लक्षात आलं नाही?”

उत्तर धुळाने दिलं. “सायेब, त्ये इसरायला बावीस वर्सं शिकवलाय आमी त्येला.”

साहेब हसले. हसू संपल्यावर त्यांनी विचारलं, “मग तुम्हाला ओळखता येतात का, अशा कातरलेल्या?”

धुळाने असं पाहिलं, जसं काही कुणी त्याला विचारलं की तुम्हाला जेवता येतं का. साहेबांनी परीक्षाच लावली. धुळाला एकीकडे उभं केलं, त्याची बायको सुलाबाई हिला दुसरीकडे. वीस मेंढरं एकेक करून दोघांसमोर नेली, नावं ब्राह्मीने दोन कागदांवर लिहिली. कागद जुळवले. एकोणीस सारखी. विसाव्याला धुळाने सांगितलं भावकी, सुलाबाईने सांगितलं येसू.

“आवं, डोळं गेलं का तुमचं? ही येसू हाय.”

“चाळीस वर्सं मेंढरामागं हाय मी!”

“मागं हाईसा म्हनूनच. म्होरनं कवा बघितलंया?”

आता निवाडा कोण करणार? सुलाबाई वाघरीकडे गेली. वाघूर म्हणजे आमची जाळी, दिवसा कोकरं तिच्या आत कोंडलेली असतात. तिने येसूचं कोकरू उचलून बाहेर सोडलं. ते ओरडत सुटलं, सरपंचिणीला ओलांडून, तलाठिणीच्या अंगावरून, आणि नेमकं त्या विसाव्या मेंढीच्या पोटाखाली शिरून ढुशा द्यायला लागलं. धुळा आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काही नव्हतं.

“सगळ्या सारख्याच दिसतात, मग याला कसं कळलं?” साहेबांनी विचारलं.

“वासानं, आवाजानं,” सुलाबाई म्हणाली. “त्येला तोंड घिऊन काय करायचंय? त्येला दूध पायजे.”

साहेबांनी ते वाक्य फोनमध्ये लिहून घेतलं. पप्पूनेही. जाताना साहेब फक्त “कळवतो” म्हणाले. हा फार थंड शब्द आहे. पप्पूने लॅबमधली आपली पुस्तकं खोक्यात भरली, आणि मग रोज त्यातलंच एखादं लागायचं म्हणून पुन्हा बाहेर काढली.

एकतीस तारखेच्या आदल्या दिवशी पत्र आलं. तेव्हा वाडा पाटणच्या रस्त्याला लागला होता. पप्पू मोटारसायकलवरून तिथे गेला आणि बापाला पत्र वाचून दाखवलं. दोन वर्षं नाही, एक वर्ष. अटी दोन. पहिली, वर्षभर दर महिन्याला फोटो घ्यायचे, कातरण्याआधी, कातरल्यावर, पावसात, चिखलात, त्यासाठी डॉ. कोळेकर यांनी कळपासोबत राहायचं. दुसरी, पुढच्या तपासणीची तारीख श्री. धुळा कोळेकर यांना आगाऊ कळवायची नाही.

धुळाने पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

“पैली ठीक हाय. दुसरी न्हाई चालायची.”

“का, आबा?”

“पाव्हणा कवा येणार त्येच ठावं नसंल, तर बकरं कवा कापायचं?”

“आवं, त्या बकऱ्याचा बी फोटो हाय कॉम्प्युटरात!”

“मग त्येच्या म्होरं लिव, जेवणात गेलं.”

सुलाबाईने भाकरी थापता थापता वर पाहिलं. “सई कर रं तू. ह्यांच्या नादी लागलास तर परत मार्च यील.”

पप्पूने पत्र मोटारसायकलच्या सीटवर पसरलं आणि सही केली. मग गाडी रस्त्याकडेच्या वस्तीवर लावून, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून, तो मेंढरांच्या पुढे चालायला लागला. मागून नाही, पुढून.