नानांना माझं भाषण पटलं

सिस्टर फिलोमिना गेल्या.

मला रडू येत नाहीये. राग येतोय, आणि तो नक्की कोणाचा ते कळत नाहीये.

शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. सगळ्याजणी लिहितायत, सिस्टरनी आपल्याला बोलायला शिकवलं. खरंय. मलाही शिकवलं.

मग बंदही केलं. हे ग्रुपवर कसं लिहायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्नरजवळची आमची मुलींची शाळा, मराठी माध्यम, पण सिस्टर लोकांची. नव्वदचं दशक संपत आलेलं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मंडळं भरायची. शिवण, बागकाम, गाइड, आणि सिस्टर फिलोमिनांचं वादविवाद मंडळ.

सिस्टर मंगळूरच्या. मराठी फाडफाड बोलायच्या, पण 'मुद्दा' हा शब्द त्यांच्या तोंडी कायम स्त्रीलिंगी. "तुझी मुद्दा कुठे गेली?" मागे आम्ही नक्कल करायचो.

त्यांच्या मंडळात बाजू आपण निवडायची नाही. बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. 'बाजूने' आलं तर बाजूने, 'विरुद्ध' आलं तर विरुद्ध.

दहावीत गॅदरिंगला विषय होता, 'मुलींना दहावीनंतर शिकवावे'.

मला चिठ्ठी आली, विरुद्ध.

मी स्वतः पुढे शिकायला टपलेली. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. मुद्दे कुठून आणले? घरूनच. आमची आत्या उठता-बसता जे ऐकवायची तेच, फक्त शुद्ध मराठीत. अंधार पडल्यावरची आमच्या बेल्ह्याची एसटी, जास्त शिकलेल्या मुलीला न मिळणारा नवरा, घरात एकटी राबणारी आई. आईवर आले तेव्हा माझा आवाज खरोखरच भरून आला.

पहिला नंबर! बक्षीस स्टीलचा डबा.

आणि समोर पालकांमध्ये, टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेले माझे वडील. नाना.

नाना गावात छाती फुगवून सांगत सुटले, "पोरगी लई भारी बोलली राव. आपल्याला तर पटलं!"

मला वाटलं, कौतुक चाललंय.

रिझल्ट लागला. फर्स्ट क्लास. मी अकरावीचं विचारलं तर नाना म्हणाले, "आता कशाला? तूच म्हनलीस ना स्टेजवर, फुडं शिकून उपेग न्हाई."

"नाना, ती स्पर्धा होती!"

"मंग खोटं बोललीस व्हय?"

आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याचं स्थळही बघून ठेवलेलं.

आमच्या शाळेलाच जोडून अकरावी-बारावी होती. वर्ग सुरू झाले आणि मी दिसले नाही, म्हणून सिस्टर एका दुपारी एसटीने घरी आल्या. घामाघूम. ओसरीवर बसल्या आणि थेट विषयाला हात घातला.

"ते तिच्या मनातलं नव्हतं. मी तिला बाजू दिली, तिने मांडली."

नाना काही भांडखोर माणूस नाही. त्यांनी खरंच कळेना म्हणून विचारलं, "म्हंजी तुमी पोरींना खोटं बोलाया शिकवता, वर बक्षीस देता?"

मी सिस्टरना कधी अडलेलं पाहिलं नव्हतं.

नानांनी मला चहा टाकायला आत पिटाळलं. चहा घेऊन बाहेर आले तर नाना म्हणाले, "सोमवारपासनं जा कालेजात." काय झालं, कसं झालं, कोणीच सांगितलं नाही. मीही आनंदाच्या भरात विचारलं नाही.

त्या शनिवारी मी वादविवाद मंडळात जाऊन बसले. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू शिवण मंडळात जा."

"का, सिस्टर?"

"जा."

बारावी होईपर्यंत मी फ्रॉकना काजं केली. मला वाटायचं, माझ्यामुळे ओसरीवर त्यांचा अपमान झाला, त्याचा हा सूड. त्या समोर आल्या की मी भिंतीकडे बघायचे.

पुढे शिकले. बँकेत लागले, आज ऑफिसर आहे. पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. जे काय असेल ते मी नंतर ईमेल करते.

आज नानांना फोन करून सांगितलं, सिस्टर गेल्या.

"आरारा. चांगली बाई व्हती," नाना म्हणाले. मग, "तुला तवा सांगितलं न्हाई. मी हो म्हनलो, पन एका अटीवर. पोरीला परत भाषान करू द्यायचं न्हाई."

"का पण, नाना?"

"आगं, तू बोलली की मला पटतं! उद्या चिठ्ठीत आजून कायबाय निघालं असतं, तू बोलली असतीस, अन मी तसं करून बसलो असतो. भ्या वाटलं मला."

मी हसले. मग हसू आपोआप थांबलं.

"सिस्टर काय म्हणाल्या?"

"डोळं पुसलं अन म्हनली, चालंल."

म्हणजे मला शिकता यावं म्हणून त्यांनी माझं बोलणं देऊन टाकलं. मला न विचारता. आणि नंतर माझा सगळा राग स्वतःवर घेतला, नानांचं नाव काढलं नाही.

याला उपकार म्हणू की अन्याय? त्यांना दुसरं काही करता आलं असतं का? मी तिथे असते तर मी काय म्हटलं असतं?

नानांवर चिडावं, तर त्यांच्याइतकं माझं बोलणं मनावर आजवर कोणीच घेतलेलं नाही.



सकाळपासून ओट्याशी उभी राहून सिस्टरशी भांडतेय. घटकेत त्यांचं बरोबर वाटतं, घटकेत वाटतं, त्यांना काय अधिकार होता? मोठमोठ्याने चाललंय माझं. आत्ता लेक येऊन विचारून गेली, "आई, तू एवढं बोलतेस?"

सिस्टर, माझा निकाल लागत नाहीये. तुम्ही त्यासाठी थांबू नका, निवांत जा.

माझा नमस्कार.