उलटी निघालेली पट्टी

सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून अकोल्याला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आलो होतो. तांबं चढवलेल्या पट्टीवर मी पुस्तकातलं सर्किट ऑइलपेंटने जसंच्या तसं काढलं आणि ती तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवली. रंगाखालचं तांबं राहून उघडं तांबं विरघळल्यावर चूक कळली. रेडिओचे सुटे भाग पट्टीच्या मागच्या, बिनतांब्याच्या बाजूने बसतात, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं काढायला हवं होतं. मुंबईहून आलेली पट्टी एकच होती. शाळा तर सुटलेलीच, आता कामही जाणार म्हणून मी रडायला लागलो.

मालकांनी पट्टी उजेडात धरली. "कावून रडून राहिला बे? भाग तांब्याच्याच बाजूनं लाव, मंग सुलटंच बसते."

तसं केलं आणि रेडिओ बोलला.

"दुसरी पट्टी आली की तेबी तूच काढजो," ते म्हणाले.