सुमनचं मनगट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, टीममधल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय, माहीत नाही — आणि तुम्हीही ते पोटात ठेवाल, असं मला वाटत नाही. माझा स्वभावच संशयी.

नाशिकमध्ये मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यातही पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणं. मुली म्हणतात, ताईंकडे गेलं की मन घट्ट होतं. पालक पेढे आणतात. मी पेढा घेते आणि मनात म्हणते — यांना काही कळलंय का?

कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघाची पिचर मीच होते. मग पेठ तालुक्यातून सुमन आली. भाताच्या शेतात गोफण फिरवून पाखरं हाकणारी पोरगी. तिचा चेंडू असा यायचा की तो झेलणारी कॅचर ग्लोव्ह काढून तळवा चोळायची. सर तिच्याकडे बघून नुसती कौतुकाने मान हलवायचे. माझ्याकडे बघून कधी हलवली होती का? आणि ती कॅचर तिच्या कानात काय सांगायची? माझ्याच डब्यातलं खाऊन ही सुमन माझ्याच जागेवर डोळा ठेवून आहे, असं मला वाटायला लागलं. ती बिचारी फक्त जेवत होती.

निवड चाचणीच्या सकाळी — कसं सांगू? — मी तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं. म्हटलं, "सुमन, हळू चेंडू टाकताना तुझं मनगट आधीच वळतं. समोरच्या बॅटरला लगेच कळतं, चेंडू हळू येणार. कुणी बोलत नाही, म्हणून मी सांगते."

वळत नव्हतं. आठवडाभर मी चोरून पाहिलं होतं, एकही खोट सापडली नव्हती. म्हणूनच तर बनवावी लागली.

त्या दिवशी ती बॅटरकडे बघेचना. प्रत्येक चेंडूआधी स्वतःच्या मनगटाकडे बघायची, आणि चेंडू बाहेर जायचा. सर ओरडले. माझी निवड झाली. मला लाज वाटली का? नाही — आनंद झाला. निघताना ती म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही सांगितलं. बाकी कोनी सांगितलंच नाय." मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिले. नव्हता. नंतर तिने चेंडू हातात धरला नाही, असं कानावर आलं.

गेल्या महिन्यात तिची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "आई म्हनली, ताई खरं सांगतात. माझं मनगट बघा."

तिने दहा चेंडू टाकले. तोच हात.

"तुझं काही वळत नाही," मी म्हणाले.

"मग आईचं वळायचं ना?"

ती सरळ माझ्याकडे बघत होती. हिला ठाऊक असेल का? हेच विचारायला आईने पाठवलं असेल का?

मी म्हणाले, "हो. वळायचं."