ओढ्याला गाडी थांबायची

दादा गेले तेव्हा मी कॉलेजमध्ये होते. तास चालू होता आणि फोन आवाज बंद करून पिशवीत ठेवलेला. तास संपल्यावर पाहिलं, तर शेजारच्या पगारे काकूंचे बरेच फोन येऊन गेले होते. मी लावला, तर त्या म्हणाल्या, "तू ये आधी. बाळ माझ्याकडे आहे, त्याची काळजी करू नको." काकूंनी बाळाचं असं न विचारताच सांगितलं, तेव्हाच बाकीचं मला कळलं असावं. तरी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, तेव्हा मी समोरच्या ट्रकच्या मागे काय काय लिहिलंय ते वाचत बसले होते. घरी पोचले. दादांना बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. डॉक्टर येऊन, बघून, गेले होते. मी पाणी प्यायला आत गेले, तर खिडकीच्या गजाला नाचणीची पुरचुंडी टांगलेली. सकाळीच बांधली होती त्यांनी. खाली ताटली ठेवलेली होती, आणि तिच्यात अजून एखाददुसरा थेंब पडत होता...

दादा म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मी लेख वगैरे कधी लिहिलेला नाही. माझे वडील येवल्याला मागावर पैठणी विणतात. माहेरी काय नि सासरी काय, कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही लिहायचं कसं ते विचारायला घरात कुणी नाही. जे आठवतंय ते सरळ लिहिते. दादा मनमाडला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड पुढची गाडी मिळेपर्यंत जिथे जेवतात, झोपतात, ती जागा. तिथे आयुष्य गेलं त्यांचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या. रिटायर झाल्यावर दादा आमच्याकडे नाशिकला आले आणि खांद्यावर पंचा टाकून इथल्याही स्वयंपाकघरात उभे राहिले.

सुमेध झाला तेव्हा माझं बी.ए.चं दुसरं वर्ष होतं. आता कॉलेज सुटलं, असं मी मनाशी धरूनच चालले होते. कुणी सोड म्हणालं नव्हतं, पण कुणी सोडू नको असंही म्हणालं नव्हतं. सुमेधला सहा महिने होत आले, आरोग्य केंद्रातल्या ताईंनी आता वरचं सुरू करा म्हणून सांगितलं, त्या दिवशी दादा भाजी निवडत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "तू जा कालेजला. दूध तुझं, बाकीचं माझं. मी हाय ना." बस, एवढंच. मी हो म्हणाले की नुसती उभी राहिले, ते आठवत नाही.

उष्टावणाला माझा भाऊ येवल्याहून आला होता. बुद्धवंदना झाली, सुमेधला नवं झबलं घातलं आणि मामाच्या हातून त्याला खिरीचं पहिलं बोट चाटवलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि सगळी खीर हनुवटीवर आणली. भाऊ म्हणाला, "घ्या, मामा पहिल्याच पेपरला नापास." सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. ते बाळाच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी बाजारातून नाचणी घेऊन आले.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली, जी आमच्या इमारतीत अजून सांगतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची आणि पीठ पातळ कापडातून गाळून घ्यायचं. हे सगळं त्यांनी बरोबर केलं, पण अंदाज घेतला तो रनिंग रूमचा. दात नसलेल्या एका बाळासाठी त्यांनी बादलीभर नाचणी भिजवली. ती फुगली. खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला, कपडे वाळत घालायच्या दोरीला, जिकडेतिकडे पुरचुंड्या लोंबत होत्या. माझे पती प्रशांत कंपनीतून आले आणि दारातच थांबून म्हणाले, "दादा, कोणती गाडी येणारे?" दादा ओशाळले. म्हणाले, "हाताला कमी येतच नाय रे." मग ते सत्त्व डब्या भरभरून वाटलं. पगारे काकूंच्या नातवापासून खालच्या दुकानदाराच्या मुलीपर्यंत सगळी बाळं दादांच्या नाचणीवर होती.

त्यांना सगळ्यात जड गेलं ते मीठ. वर्षाच्या आत बाळाला मीठ नको, साखर नको, असं केंद्रात सांगितलं होतं. मी ते त्यांना भीत भीत सांगितलं. ज्याने जन्मभर माणसांच्या ताटात मीठ बघितलं, त्याला असं सांगायचं म्हणजे... ते म्हणाले, "तू शिकलेली, तू म्हणती तर नाय घालत. पण माझ्यानं असलं वाढवत नाय." मग त्यांनी त्यातून एक वाट काढली. बाळासाठी मुगाचं वरण-भात मऊ शिजवायचे, त्यातलाच घास स्वतः बिनमिठाचा खायचे आणि मग त्याला द्यायचे. भोपळा, गाजर, बटाटा, सगळं तसंच. मी म्हटलं, तुम्ही तरी मीठ घ्या. तर म्हणाले, एका पंगतीत दोन चवी बऱ्या दिसत नाहीत.

भरवताना ते स्टेशनांची नावं घ्यायचे. एक घास, एक स्टेशन. मनमाडहून गाडी सुटायची... लासलगाव, उगाव, निफाड, सुकेणे, खेरवाडी, ओढा, नाशिकरोड. नाशिकरोड आलं की वाटी संपलेली असायची. हे मी समोर बसून फारसं कधी पाहिलं नाही. मी घरी असले की आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे आणि भिंतीतून ऐकू यायचं. नावं एकामागून एक यायची, मग एकदम शांत व्हायचं. मला वाटायचं, झालं भरवून. पण बऱ्याच वेळाने परत दादांचा आवाज यायचा, "आला बरं का सिग्नल." मी कधी उठून पाहिलं नाही, मध्ये काय चालतं ते.

मनमाडहून माझी नणंद, मंगलताई, यायच्या तेव्हा दादांना चिडवायच्या. "आम्हाला कधी एक घास भरवला नाही हो दादा, आता बाळंतिणीची कामं करताय." दादा म्हणायचे, "तुमच्या टायमाला डायवर लोक जेवत व्हते." मंगलताईंचा राग माझ्यावर नव्हता, पण सासरा भरवतो नि सून कॉलेजला जाते, हे त्यांना लोकांना सांगायला अवघड जायचं. ते त्यांनी मला एकदा सांगितलंही होतं, सरळ, तोंडावर. त्यांचं ते मला आवडलं होतं.

दादा गेल्यावर सुमेधने खाणं सोडलं. रडला नाही, आजारी पडला नाही. नुसता ओठ मिटून घ्यायचा. घरात माणसं येत-जात होती, पांढऱ्या कपड्यातली. मी चहा करत होते, भांडी विसळत होते आणि मधेच वाटी घेऊन त्याच्यासमोर बसत होते. मीही स्टेशनं म्हणायचे, भराभर, सगळी. ओढा येईपर्यंत दोन-तीन घास जायचे, मग मान वळायची. चमचा पुढे केलाच तर ओकायचा. पाकिटातलं आणून पाहिलं, केळं दिलं. केंद्रात नेलं तर वजन वाढलेलं नव्हतं. मला रडू येत नव्हतं. बायकांच्या ते लक्षात आलं होतं, मलाही ते कळत होतं. पण यायचंच नाही, काय करणार.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा खिडकीतल्या पुरचुंडीकडे माझं लक्ष गेलं. इतके दिवस तिला कुणी हात लावला नव्हता. मोड लांबच लांब वाढून वाळले होते आणि मुळं दादांच्या पंच्यातून आरपार बाहेर आली होती. मंगलताई म्हणाल्या, कापडासकट टाकून दे. मी नाचणी टाकली, पंचा धुतला. मुळं ओढली की तुटायची, पण विणीत अडकलेली निघायची नाहीत. तशीच ठेवली.

त्याच संध्याकाळी मंगलताईंनी कॉलेजचा विषय काढला. आवाज चढवला नाही. "एक वर्ष थांब. पोरगं खायला लागू दे, मग बघू." हे वर्ष शेवटचं होतं. मला ठाऊक होतं की आत्ता थांबले तर मी परत जाणार नाही. आमच्यात असं थांबलेलं कुणी परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. प्रशांत जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "बरं." इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं.

रविवारी दुपारी मी दादांच्या डब्यातलं उरलेलं सत्त्व शिजवलं आणि सुमेधला घेऊन बसले. प्रशांत शेजारी होते, मंगलताई पिशवी भरत होत्या. मनमाड झालं, लासलगाव, निफाड, खेरवाडी... ओढ्याला त्याने नेहमीसारखी मान खिडकीकडे वळवली. मी चमचा तिकडे नेला. तेवढ्यात प्रशांतनी माझं मनगट धरलं. "थांब. ओढ्याला गाडी थांबायची."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी मनमाडहून नाशिकला यायचे, तेव्हा पॅसेंजर ओढ्याला हमखास उभी राहायची. पुढे नाशिकरोडला फलाट रिकामा नसायचा. पोरं कंटाळायची, आणि दादा म्हणायचे, थांबू द्या, तोंडातलं आधी गिळा, खिडकीतून बघा. रनिंग रूममध्येही त्यांचं तेच होतं. ड्रायव्हरला बोलावणं आलं तरी ते त्याला घाई करू द्यायचे नाहीत. "जेवणाऱ्याला हाकलायचं नाय. गाडी काय, लेट व्हती." मंगलताई पिशवी तशीच सोडून उभ्या राहिल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हो की. मीच विसरले."

आम्ही थांबलो. सुमेध खिडकीकडे बघत होता. तिथे काही नव्हतं, दोरीवर तो पंचा वाळत होता, एवढंच. त्याचा गळा हलला. मग परत हलला. कुणी बोललं नाही. भिंतीपलीकडून मी इतके दिवस ऐकलेली शांतता ती हीच होती... थोड्या वेळाने त्याने आपणहून मान वळवली आणि तोंड उघडलं. सिग्नल आला, हे म्हणायचं आमच्या कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी घास दिला.

निघताना मंगलताई चप्पल घालता घालता प्रशांतना म्हणाल्या, "सेकंड शिफ्ट मागून घे. सकाळचं तू भरव. हिला जाऊ दे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता मी जाते कॉलेजला. महिना होऊन गेला. नाचणी मीच भिजवते, वाटीभर, आणि मोड वेळेवर काढते. पीठ त्याच पंच्यातून गाळते. मुळांचे धागे अजून त्यात आहेत. पीठ त्यांच्यापाशी जरा अडतं, मग खाली पडतं. रडू मला अजून आलेलं नाही. रविवारी सुमेधला मी भरवते. ओढा आला की तो खिडकीकडे बघतो, मीही बघते. चमचा हातात तसाच असतो. घाई कुणालाच नसते.