दारातल्या गाडीचा पास

पेणमधली ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. प्रकरण किरकोळ होते, पण त्यात एक माणूस मरता मरता वाचला.

गणपतीच्या आधी मूर्ती न्यायला गावोगावचे टेम्पो पेणमध्ये शिरत आणि रहिवाशांना स्वतःच्या दारात गाडी लावता येत नसे. म्हणून आम्ही अरुंद गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लावले आणि रहिवाशांना पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचे पास दिले. काचेवर पास असेल तरच गाडी आत.

अशाच एका गल्लीत दुपारी एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. आयुष्यभर मिठागरावर राबलेला माणूस. रुग्णवाहिका आली, पण मधेच लावलेल्या एका मोटारीमुळे तिला पुढे जाता येईना. मोटारीचा मालक बाजारात गेला होता. शेवटी चौघांनी म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून चौकापर्यंत उचलून नेले.

मी जाऊन पाहिले. मोटार रोह्याची होती, आणि काचेवरचा पास त्याच म्हाताऱ्याच्या घराला दिलेला होता.

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "ज्यांच्याकडं गाडी नाय त्यांना पास कसा? तुमचा हवालदार पास विकतो."

पास वाटणारे हवालदार निवृत्तीला आलेले होते. मी त्यांना समोर बसवून विचारले. ते म्हणाले, "साहेब, म्हातारा हृदयाचा रोगी. वेळ आली तर दारात गाडी यायला हवी, म्हणून मीच दिला." खरे काय ते पुढे बाहेर आले नसते तर वर्दीवर डाग घेऊनच ते घरी गेले असते.

मोटारवाल्याने पास सासऱ्यांकडून घेतल्याचे सांगितले. सासरे म्हणजे म्हाताऱ्याचे शेजारी, मूर्तिकार. खुर्ची उचलणाऱ्या चौघांत तेही होते. ते म्हणाले, "पास ओट्यावर पडलेला गावला." एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

महिला शिपायाला घेऊन मी म्हाताऱ्याच्या बायकोचा जबाब घ्यायला तिच्या घरी गेलो.

"पास हरवला," ती म्हणाली.

"शेजाऱ्यांना दिलात का?"

"त्यांचं आमचं बोलनं नाय. भिंतीवरनं भांडान झालंय, लय वर्सं झाली."

तेवढ्यात शेजारची बाई, त्या मूर्तिकारांची बायको, फडक्यात भाकरी बांधून आत आली. "खा गो आधी, मग जा दवाखान्यात," म्हणाली, आणि आम्हाला पाहून दारातच थबकली. बोलणे नसलेल्या घरातून भाकरी येत नाही. ती गेल्यावर मी वही मिटली आणि म्हातारीला एवढेच सांगितले, "आजी, हरवला म्हणालात तर आमच्या हवालदारावर बालंट येईल. तुमच्या माणसासाठी त्यांनी तो पास दिला होता."

ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "मीच दिला. त्यांचा जावई येनार म्हनून ते पास मागायला दारात आले. इतक्या वर्सांनी पयल्यांदा 'वयनी' म्हनाले. नाय कसं म्हनू? आता त्यांचं नाव घेतलं तर परत दार बंद होईल."

पुढचे काम सरळ होते. हवालदारांवरचा संशय फिटला, मोटारवाल्यावर वाहतुकीची कारवाई झाली. मूर्तिकार स्वतःहून ठाण्यात आले आणि म्हणाले, "खुर्ची उचलली तवा मला ठावं होतं, गाडी कुनाची ती." म्हातारा अलिबागच्या इस्पितळातून बरा होऊन परतला.

पुढच्या वर्षी पास छापण्याआधी मी त्या गल्लीत बैठक घेतली. पाहुण्यांच्या गाड्या मैदानात लावायच्या आणि गल्लीची एक बाजू मोकळी ठेवायची, हे लोकांनीच ठरवले. बैठक संपल्यावर मी म्हातारीला विचारले, "पुन्हा मागितला तर पास द्याल?"

ती म्हणाली, "पास नाय द्यायची. गाडी मैदानात लावा न् जेवायला आमच्याकडं या, असं सांगीन."

माझ्या नोकरीत मी अनेक नियम केले आणि राबवले. नियम मोडणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न 'का' हा असतो, हे मी त्या गल्लीत शिकलो. तो विचारला नसता, तर एक प्रामाणिक हवालदार आणि नुकतीच उघडलेली दोन दारे, दोन्ही मी गमावून बसलो असतो.