बहिऱ्या गावातले उत्तमराव

पिंपळगाव राजाच्या उत्तमरावांच्या मते दोन वर्षांत अख्खं गाव बहिरं झालं होतं. पाण्यातच काही दोष असावा. एकेकाळी त्यांनी बांधावरून हाक मारली की चौथ्या वावरातला माणूस विळा टाकून उभा राहायचा. आता शेजारी बसलेलाही विचारायचा, "काय म्हणता? पुन्हा म्हणा." या 'पुन्हा म्हणा'नं त्यांचं टाळकं सरकायचं. हात थरथरायचे, पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू होत्या, हे खरं. पण आवाजाशी त्याचा काय संबंध? त्यांचा त्यांना तर आवाज चांगला खणखणीत ऐकू यायचा!

सगळ्यात बहिरी अर्थातच बायको. उत्तमरावांनी मोठ्या मनानं कोकिळाबाईंना खामगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी उत्तमरावांनाच दोन वाक्यं बोलायला लावली आणि ती मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवली.

"हे कोन कुजबुजून राह्यलं?" उत्तमरावांनी विचारलं.

कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

तिथल्याच बोलण्याचा इलाज करणाऱ्या बाईंनी समजावलं, या आजारात आवाज बारीक होतो आणि ज्याचा त्यालाच ते कळत नाही. रोज छाती भरून श्वास घ्या, मोठ्यानं 'आऽऽ' म्हणा. आपण ओरडतोय असं वाटलं, की समजा बरोबर बोलताय. उत्तमरावांनी तीन दिवस आऽऽ केलं. चौथ्या दिवशी शेजारच्या झुंबरबाई लवंगेचं तेल घेऊन हजर. "दाढ लय दुखून राह्यली का, भाऊ?" झालं! अभ्यास बंद. इज्जतीचा सवाल होता.

लेक पूनम पुण्याला. फोनवर ती नेहमी म्हणायची, "बाबा, काहीच आयकू येत नाही. रेंज नसंल. आईले द्या." एका रविवारी मात्र तिनं थेट आईलाच मागितलं. बाबांचं नावही काढलं नाही. उत्तमरावांना ते फार लागलं. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाईंनी ज्वारीच्या बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकली. "बसा अन् पोपट हाकला. अठी कोनी लवंग घेऊन येत नाही."

"हाऽऽ हुर्र!" उत्तमराव ओरडले. पोपट कणसावरून हललेसुद्धा नाहीत.

"पोपटबी बहिरे हायेत बे!" असा निकाल त्यांनी दिला. तरी रोज येत राहिले, सकाळ-संध्याकाळ, घसा ताणून. दुसऱ्या आठवड्यात एक थवा भर्रकन उठला, तर उत्तमराव दिवसभर मिशीवर हात फिरवत बसले.

महिन्याभरानं फोन वाजला तेव्हा तो त्यांनीच उचलला. छाती भरून श्वास घेतला. "पूनम, मी बोलून राह्यलो. तुया बाप."

पलीकडे काहीच नाही.

"काऊन वं, रेंज नाही का?"

"हाय, बाबा." पूनम रडत होती. "पुन्हा म्हणा."

उत्तमरावांचं टाळकं सरकलं नाही. त्यांनी पुन्हा छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं.