भुजंगरावांचा गुलाबी पक्षी

बदनापूरजवळच्या रस्त्यावर भुजंगराव मैलकुली होते. वाट्याला आलेले तीन मैल त्यांनी जिवापाड सांभाळले. खड्ड्यांत मुरूम भरायचा, कडेचं गवत काढायचं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून काहीतरी सांगायचं. सांगताना तिखटमीठ लावायचे, हे खरं. वीतभर साप त्यांच्या तोंडून निघेपर्यंत हातभर व्हायचा. गावानं त्यांना थापाड्या ठरवून टाकलं होतं. ते वरवर हसायचे, पण त्यांना ते फार लागायचं. मला मात्र त्यांच्या गप्पा आवडायच्या. तसा निवांत रस्ता आणि तसं थांबणं आता कुठं राहिलंय?

मी तिथल्या एका कचेरीत कारकून, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणत. १९८४च्या जानेवारीत एके दिवशी मी हजेरीपटावर सही ठोकली आणि मित्राच्या शेतात हुरडा खायला सायकलवर सटकलो. वाटेत भुजंगरावांनी हात आडवा केला.

"भाऊसाहेब, सायकल ठिवा. जल्दी या, पन बिलकुल आवाज करू नका."

मुरूम काढून झालेल्या खड्ड्यात पावसाळ्याचं पाणी अजून साचलेलं होतं. त्यात एक उंच, गुलाबीसर पक्षी उभा होता. पाय काठीसारखे, चोच वाकडी. डोकं चक्क उलटं करून तो पाणी गाळत होता. रोहित! हिवाळ्यात जायकवाडीवर येतात, असं मी ऐकून होतो. ट्रकांच्या रस्त्याकडेला हा एकटा कसा उतरला, देव जाणे. आम्ही अर्धा तास उकिडवे बसून होतो. भुजंगरावांनी बिडीसुद्धा पेटवली नाही. मग त्यानं पंख उघडले, लालभडक, काळ्या कडांचे, आणि गेला. एवढं सुख मला पुढं फार कमी वेळा मिळालं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या हॉटेलात भुजंगराव तेच सांगत होते आणि लोक पोट धरून हसत होते.

"डोकं उलटं करून खातंय?" हॉटेलवाले सर्जेराव म्हणाले. "मंग चालतंय कशावर, शेपटीवर?"

"भाऊसाहेबाला इचारा. माझ्यासंगंच बसल्ते."

नेमके आमचे साहेब कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी मान वर केली. "काल? कधी?"

मी शेपूट घातली. म्हणालो, "मी काल दिवसभर कचेरीतच होतो."

हशा पिकला. भुजंगराव माझ्याकडे बघत राहिले. मग टोपलं उचलून निघून गेले. त्यानंतर ते रोज रामराम करत, पण त्यांनी मला पुन्हा कधी थांबवलं नाही. तेरा वर्षं मी त्यांच्यासमोरून सायकल दामटत राहिलो, आणि रोज स्वतःची लाज वाटायची.

१९९७ला ते निवृत्त झाले. लिंबाखाली शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि हुरड्यापासून पंखांपर्यंत सगळं सांगून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा भाऊसाहेब!" सर्जेराव डोळे पुसत हसत होते. "जाता जाता मान्साची थाप बी खरी करून दिली. मन मोठं हाये तुमचं!"

"आईशपथ, खरं आहे!" मी ओरडलो. टाळ्या आणखी वाढल्या.

मी खाली बसलो. शेजारी हार घालून बसलेले भुजंगराव हळूच म्हणाले, "आता न्हाई पटायचं कोनाला. त्या दिशी नुसतं 'हौ' म्हन्ले असते, तरी पुरलं असतं."